मृगात गुटी, थंडीत राखण: विदर्भात बोन्सायसाठी गुटी कलम

गुटी कलम, म्हणजे झाडावरच्याच फांदीची साल गोल काढून तिथे मुळं फुटू द्यायची आणि मग ती फांदी कापून वेगळी लावायची पद्धत, आपल्या भागाला नवी नाही. डाळिंबाची, कागदी लिंबाची, पेरूची गुटी बांधणारा माणूस दोन-चार गावांत एखादा तरी सापडतोच. फळझाडाची गुटी बांधणाऱ्याला एक जगणारं रोप मिळालं की पुरे. बोन्सायवाल्याचं तेवढ्यानं भागत नाही. त्याला जाड खोड हवं, त्या खोडाला वळण हवं, आणि बुंध्यातून चहूबाजूंनी पसरलेली मुळं हवीत, कारण उथळ कुंडीत ठेवलेल्या झाडाकडे बघणाऱ्याची नजर आधी बुंध्यावरच जाते. बियापासून असं खोड घडायला वर्षानुवर्षं जातात. मोठ्या झाडावर तयार असलेली अंगठ्याएवढी किंवा त्याहून जाड फांदी मात्र एका पावसाळ्यात स्वतंत्र झाड होते.

कलम बांधायला कठीण नाही, त्याची माहितीही सगळीकडे मिळते. रोपं दगावतात ती पुढे, दिवाळीनंतरच्या थंडीत. म्हणून इथे थंडीबद्दल जरा जास्त लिहिलं आहे.

१. आधी वेळापत्रक डोक्यात बसवा

मृग लागून दोन-तीन चांगले पाऊस झाले की गुटी बांधायला घ्या. जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. हवेत ओल असते, झाड जोमात वाढत असतं आणि साल लाकडापासून सहज सुटते. वड, उंबर, पाकर यांना साधारण चार ते सहा आठवड्यांत मुळं येतात. डाळिंबाला दीड-दोन महिने लागतात, बोगनवेलीला तेवढेच किंवा थोडे जास्त. कामिनी सगळ्यांत सुस्त.

म्हणजे पोळ्याच्या आगेमागे मुळं दिसायला लागली पाहिजेत आणि दसऱ्याच्या आत रोप कुंडीत गेलं पाहिजे. हिशोब उलटा करून बघा: आपल्याकडे खरी थंडी नोव्हेंबरच्या मध्यानंतर पडते. त्याआधी रोपाला कुंडीत रुजायला सहा-आठ आठवडे मिळायला हवेत. ऑगस्टच्या शेवटी हौस आली म्हणून गुटी बांधली तर हे गणित बसत नाही.

२. झाड आणि फांदी निवडणं

पहिल्यांदा करत असाल तर वडाच्या कुळातलं झाड घ्या: वड, उंबर, पाकर किंवा नर्सरीत नुसतं ‘फायकस’ म्हणून विकतात ते. ही झाडं चूक पोटात घालतात. पिंपळही जमतो, पण त्याची पानं मोठी राहतात आणि लहान कुंडीत तो लवकर शोभत नाही. कडुनिंबाच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका.

परवानगीचं आधीच बघून घ्या. धुऱ्यावरचं झाड शेजाऱ्याचं असेल तर त्याला विचारा. फांदीची साल सोललेली दिसली की वाद होतोच. पारावरच्या, पूजेच्या वडा-पिंपळाला हात लावू नका. वनखात्याच्या हद्दीतली झाडं तर सोडूनच द्या.

फांदी निवडताना पेन्सिल ते मनगट यांच्या मधली जाडी चालते. नवख्यानं अंगठ्याएवढी घ्यावी. निरोगी, भरपूर पानांची आणि ऊन मिळणारी फांदी हवी. सावलीतल्या मरगळलेल्या फांदीकडे मुळं काढायला अन्नच नसतं. निवडलेल्या फांदीला खाली वळण असेल आणि जरा वरच दोन-तीन उपफांद्या फुटल्या असतील तर निम्मं बोन्साय तिथेच तयार आहे असं समजा.

३. सामान

- धारदार चाकू, शक्यतो कलमाचा. ब्लेडही चालतं. वापरण्याआधी स्पिरिटने पुसा.
- सिकेटर आणि लहान आरी (आरी पुढे लागेल).
- स्फॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ). तालुक्याच्या कृषी केंद्रात ते मिळेलच असं नाही; नागपूर-अमरावतीच्या मोठ्या नर्सऱ्यांत विचारा किंवा ऑनलाईन मागवा. नाहीच मिळालं तर धुतलेलं कोकोपीट आणि थोडं चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत.
- मुळं फुटायची पावडर, म्हणजे आयबीए (मुळं फुटवणारं संप्रेरक) असलेली. वडाला ती नसली तरी चालतं. डाळिंब, कामिनीला लावाच.
- जाड पारदर्शक प्लास्टिक. धुतलेली दुधाची पिशवी कापून घेतली तर तीही चालते.
- सुतळी, आणि वरून गुंडाळायला बारदान्याचा तुकडा.
- सुई असलेली मोठी सिरिंज. ही कशाला ते पुढे येईल.

४. साल काढणं

फांदीच्या आतल्या लाकडातून पाणी वर जातं आणि सालीतून पानांनी केलेलं अन्न खाली येतं. आपण सालीचं कडं काढतो तेव्हा पाण्याचा रस्ता चालू राहतो, म्हणून फांदी सुकत नाही. खाली येणारं अन्न आणि मुळं फुटवणारी संप्रेरकं मात्र कड्याच्या वरच्या काठाशी अडतात. मुळं तिथूनच येतात, वरच्या काठातून. खालच्या काठाशी आपलं काही काम नाही. हे एकदा कळलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं.

आता बोन्सायवाल्यानं इथे थांबून विचार करायचा. वरचा काठ जिथे असेल तिथे उद्याच्या झाडाचा बुंधा असणार आहे. फांदी आडवी किंवा तिरपी असेल आणि तुम्ही नेहमीसारखं फांदीला काटकोनात कडं काढलं, तर मुळांची चकती फांदीला काटकोनात येईल. मग कुंडीत झाड सरळ लावलं की खोड उभं दांड्यासारखं दिसतं, आणि कललेलं ठेवायला गेलात तर एका बाजूची मुळं हवेत लटकतात. म्हणून फांदी कुंडीत कोणत्या कोनात उभी राहावी ते आधी ठरवा. थोडं लांब उभं राहून मान तिरपी करून बघा, वाटल्यास मोबाईलवर फोटो काढून तो फिरवून बघा. त्या कल्पित जमिनीला समांतर असा वरचा काठ खडूने आखून घ्या. तिरप्या फांदीवर ही रेघ तिरपी येईल, आणि ती तशीच यायला हवी.

मग:

रेघेवर चाकू खोल, लाकडाला लागेपर्यंत गोल फिरवा. त्याच्या खाली फांदीच्या जाडीएवढ्या ते दीडपट अंतरावर दुसरा गोल काप घ्या. दोन्ही कापांना जोडणारी उभी चीर द्या आणि साल सोलून काढा. पावसाळ्यात ती मोज्यासारखी निघून येते.

साल निघाली की काम झालं असं वाटतं. नवखे इथेच फसतात. लाकडावर हिरवट-पांढरा, बोटाला बुळबुळीत लागणारा थर राहिलेला असतो. तो ठेवला तर झाड त्यातूनच नवी साल तयार करून वरचा-खालचा काठ सांधून टाकतं. दोन महिन्यांनी उघडता, तर आत मुळाऐवजी छान भरून आलेली जखम! म्हणून चाकूची धार आडवी धरून लाकूड कोरडं आणि खरखरीत लागेपर्यंत खरवडा. बोट फिरवून खात्री करा.

वडा-उंबराचा चीक बराच वाहतो. ओल्या फडक्याने पुसत राहा, थोडं पाणी मारा, थांबल्यावर पुढे जा. चीक डोळ्याला आणि कपड्याला लागू देऊ नका. कपड्यावरचा डाग निघत नाही.

पावडर फक्त वरच्या काठाला, बोटाने किंवा ब्रशने पातळशी लावा. जास्त लावल्याने मुळं जास्त येत नाहीत, उलट काठ काळा पडतो.

५. गुटी बांधणं

मॉस आदल्या रात्री भिजत घाला. बांधायच्या वेळी मुठीत धरून शक्य तितकं पिळा. एक थेंबही गळता कामा नये. चिंब मॉस बांधलं की आतली हवा जाते आणि काठ कुजतो. मूठभर मॉस कड्याभोवती असं बसवा की त्यातला जास्त भाग वरच्या काठावर येईल. वर प्लास्टिक घट्ट गुंडाळा, आधी खालून आणि मग वरून सुतळीने आवळा. आपल्याकडे पावसाची झड चार-चार दिवस लागते, त्यामुळे वरचं तोंडही घट्टच हवं, नाहीतर फांदीवरून ओघळणारं पाणी आत साचतं.

प्लास्टिकवरून बारदाना गुंडाळा. मुळांना अंधार मिळतो, उन्हाने आतला गोळा तापत नाही, आणि मुख्य म्हणजे वानरांना आत काय आहे ते दिसत नाही. चकाकणारी पिशवी दिसली की वानर ती फाडून बघणारच. नुसत्या प्लास्टिकवर गुटी बांधून सोडलेली मी बघतो तेव्हा मला त्या माणसाच्या धाडसाचं कौतुक वाटतं.

फांदी जड असेल तर बांबूचा टेकू द्या. वाऱ्याने कड्याच्या जागी ती मोडू शकते.

६. वाट बघणं

आठवड्या-पंधरवड्यानं बारदाना बाजूला करून बघा. मॉस फिकट पिवळसर दिसलं तर कोरडं पडलंय. प्लास्टिक सोडू नका. सिरिंजने वरच्या बाजूने थोडं पाणी द्या आणि ते छिद्र चिकटपट्टीने बुजवा. लाल मुंग्यांना कोरडी गुटी घर करायला फार आवडते, तेव्हा तेही बघत चला.

पलीकडे पऱ्हाटीत किंवा सोयाबीनमध्ये तणनाशकाची फवारणी असेल त्या दिवशी वाऱ्याची दिशा बघा. आणि ज्या पंपाने तणनाशक मारलं तो धुतला तरी बोन्सायवर वापरू नका. पाणी मारायला वेगळा छोटा स्प्रे ठेवा.

प्लास्टिकमधून पहिलं पांढरं मूळ दिसलं की हात शिवशिवतात. थांबा. पांढरी मुळं काचेसारखी मोडतात. ती थोडी तपकिरी पडू द्या, त्यांना बारीक उपमुळं फुटू द्या, प्लास्टिकच्या आत सगळ्या बाजूंनी जाळी दिसू द्या. एकाच बाजूला मुळं असतील तर आणखी दोन-तीन आठवडे द्या.

७. दसरा आला, मुळं कमी आहेत. कापायचं का?

नाही. हस्त नक्षत्र संपत आलं तरी गुटीत चार-दोनच मुळं असतील तर ती झाडावरच राहू द्या. आईझाड पाणी पुरवतं आहे, फांदी तगून राहील. फक्त पाऊस थांबल्यावर मॉस वाळणार, म्हणून सिरिंजचं पाणी चालू ठेवा, आणि थंडीत बारदान्याचे दोन पदर करा. अशी गुटी फेब्रुवारीच्या मध्यावर कापा. उन्हाळा तोंडावर असतो हे खरं, रोपाला सावलीत फार जपावं लागतं. तरी नोव्हेंबरात अर्धवट मुळांवर कापलेल्या रोपापेक्षा त्याची शक्यता चांगली. डाळिंब आणि कामिनीच्या बाबतीत ही वेळ बऱ्याचदा येते.

८. वेगळं करणं आणि पहिली कुंडी

मुळं भरली असतील तर आदल्या दिवशी गुटीला पाणी द्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुटीच्या खाली दोन बोटं सोडून आरीने कापा. कात्रीने दाबून कापू नका, धक्क्याने मुळं तुटतात. ते दोन बोटांचं खुंट आत्ता तसंच राहू द्या. पानं जास्त असतील तर तिसरा हिस्सा कमी करा.

प्लास्टिक सोडा, मॉस सोडवत बसू नका. मुळं त्यात गुंतलेली असतात, मॉससकट लावा.

बोन्सायची उथळ कुंडी आता नको. जितकी उथळ कुंडी तितकी ती रात्री लवकर गार पडते आणि दुपारी लवकर सुकते. आठ-दहा इंची मातीची कुंडी घ्या. भरण्यासाठी वावरातली काळी माती चुकूनही वापरू नका. ती ओली झाली की फुगते, सुकली की आक्रसून भेगा पडतात, आणि त्या भेगांबरोबर कोवळी मुळं तुटतात. वीटभट्टीवरचा विटांचा चुरा किंवा बारीक मुरूम चाळून, धूळ काढून दोन भाग, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट एक भाग. एवढं पुरे. शेणखत कच्चं असेल तर ते कुंडीत तापतं आणि उधईलाही बोलावतं.

लावल्यावर खोड हलता कामा नये. सुतळी कुंडीच्या खालून घेऊन खोडाला दोन-तीन दिशांनी बांधा. वाऱ्याने रोज जरा-जरा हलणारं रोप रोज जरा-जरा मुळं तोडतं, आणि पानं हिरवी असल्यामुळे महिनाभर ते कळतही नाही. पहिले पंधरा-वीस दिवस सावलीत ठेवा, मग सकाळचं कोवळं ऊन.

९. पहिली थंडी

‘विदर्भात कसली आलीय थंडी, आपल्याकडे तर उन्हाळाच मारतो’ असं लोक म्हणतात. मे महिन्यात ४५ अंश सोसणाऱ्या झाडाला जानेवारी काय करणार, असा त्यामागचा विचार. पण २०१८ च्या डिसेंबरअखेरीस नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, आणि उघड्या वावरात, नदीकाठी, सखल जागी गावापेक्षा आणखी गार असतं. वड-उंबर उष्ण हवेची झाडं. जमिनीतल्या मोठ्या झाडाला काही होत नाही, कारण खाली माती ऊब धरून असते. कुंडीतल्या तीन महिन्यांच्या मुळांना ती सोय नाही. दिवसा २८, पहाटे ८ असा रोजचा हेलकावा त्यांना एकट्यानं सोसावा लागतो. त्यात उत्तरेकडचा कोरडा वारा पानांतलं पाणी ओढतो आणि गारठलेली मुळं ते भरून देऊ शकत नाहीत. म्हणून काही रोपं कुंडी ओली असतानाही सुकतात, आणि मालक बिचारा आणखी पाणी घालतो.

जागा. घराच्या दक्षिणेकडच्या किंवा पूर्वेकडच्या भिंतीलगत, ओसरीच्या कडेला. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. उघड्या अंगणात, मोकळ्या आभाळाखाली, दव पडतं तिथे नको. गच्चीवर तर अजिबात नको. जागा असेल तर भिंतीजवळ पाणी न साचणारा खड्डा करून कुंडी काठापर्यंत पुरा आणि भोवती कुटार (मळणीनंतरचा भुसा) भरा. पुरता येत नसेल तर कुंडी रिकाम्या क्रेटमध्ये किंवा पिप्यात ठेवून मधली जागा कुटाराने, भंडारा-गोंदियाकडे तणसाने (धानाच्या पेंढ्याने), ठासून भरा. उंदीर येतात, अधूनमधून बघा.

आच्छादन. कुंडीतल्या मातीवर दोन बोटं कुटार पसरा, खोडापासून जरा दूर. खोडाला चिकटून ओलं कुटार राहिलं तर साल कुजते.

आडोसा. उत्तरेच्या बाजूला तुराट्यांची ताटी उभी करा. रात्री पारा दहाच्या खाली जाणार असेल तर सूर्यास्ताआधी रोपावर चार काड्यांचा मांडव करून बारदाना किंवा जुनं लुगडं टाका, सकाळी ऊन आल्यावर काढा. प्लास्टिक टाकलं तर ते पानांना टेकू देऊ नका, आणि सकाळी काढायला विसरू नका. दहा वाजता आत भट्टी होते.

पाणी. थंडीत रोपं सर्वांत जास्त पाण्याच्या अतिरेकानं जातात. वाढ थांबलेली, बाष्पीभवन कमी, तरी पावसाळ्यातल्या सवयीनं रोज पाणी चालू. तुराटीची बारीक काडी मातीत दोन इंच खुपसून ठेवा. बाहेर काढून गालाला लावा: गार, ओलसर लागली तर आज पाणी नाही. कोरडी लागली की सकाळी दहा-अकराला द्या, खालच्या भोकातून निघेपर्यंत. शेतीची लाईन (वीज) रात्री असली की हरभऱ्याच्या ओलितासोबत रात्री अकराला कुंड्यांवरही पाईप फिरवणारे आहेत. असं करू नका. पहाटे टाक्यातलं पाणी गारठलेलं असतं, तेही नको. बोअरचं ताजं पाणी त्या मानाने कोमट येतं.

काय करायचं नाही. नोव्हेंबर ते जानेवारी खत नाही, वळण द्यायला फांद्यांना तार बांधणं नाही, छाटणी नाही, कुंडी बदलणं नाही. मुळं आली का म्हणून माती उकरून बघणंही नाही.

पानं गळाली तर घाबरू नका. पाकर, पिंपळ, डाळिंब थंडीच्या शेवटी पानं टाकतातच. नखाने खोडाची साल किंचित खरवडा. खाली हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. पानं नाहीत तर पाण्याची गरजही कमी, एवढं लक्षात ठेवा. साल तपकिरी लागली तर थोडं खाली खरवडून बघा. वरची फांदी वाळून बुंधा जिवंत असतो असंही होतं.

१०. संक्रांतीनंतर

फेब्रुवारीत नवे कोंब सुटायला लागले की मांडव, ताटी काढा, आच्छादन राहू द्या. पातळ शेणपाणी किंवा गांडूळखत थोडं-थोडं सुरू करा. मार्चअखेर रोप ५० टक्क्यांच्या हिरव्या नेटखाली न्या. एप्रिल-मेमध्ये कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत वाळू भरा आणि ती ओली ठेवा, पाणी सकाळ-संध्याकाळ. नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पानं दुपारी माना टाकतील, संध्याकाळी सावरली तर ठीक.

पुन्हा मृगाचा पाऊस झाला की कुंडी उघडा. आता मुळं जाड झालेली असतील. उरलेलं मॉस बांबूच्या काडीने हळूहळू सोडवा, खालचं ते दोन बोटांचं खुंट मुळांच्या चकतीलगत आरीने सपाट कापा, सरळ खाली जाणारी मुळं काढून टाका आणि बाजूला पसरणारी ठेवा. बसकी कुंडी घ्यायची असेल तर ती आता घ्या. रोप पुन्हा सुतळीने बांधायचं, पंधरा दिवस सावली. तार मात्र दिवाळीपर्यंत पेटीतच राहू द्या.